देवमासा आणि पाणघोडा यांचे जनुकीय नाते

देवमासे, डॉल्फिन व पॉर्पॉइज या सागरी सस्तन प्राण्यांचे आज हयात असलेले सर्वांत जवळचे नातेवाईक पाणघोडे होत. हा निष्कर्ष प्रथम ठामपणे मांडला गेला तो हाडांच्या किंवा दातांच्या अभ्यासावरून नव्हे, तर डीएनए या आनुवंशिक रेणूच्या तुलनेवरून. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रेण्वीय जीवशास्त्रज्ञ आणि जीवाश्मतज्ज्ञ यांच्यात या प्रश्नावर तीव्र मतभेद होते. २००१ मध्ये पाकिस्तानातील व २००७ मध्ये जम्मू-काश्मीरमधील जीवाश्मांचे अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर हा वाद मुख्यतः डीएनएच्या बाजूने मिटला. दोन प्रजातींच्या डीएनएमधील साम्यावरून त्यांचा सामाईक पूर्वज कसा ओळखला जातो, ते साम्य केव्हा विश्वसनीय असते आणि केव्हा फसवे ठरते, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

नावे आणि जुने वर्गीकरण

मराठीत या दोन्ही प्राण्यांची नावे त्यांच्या खऱ्या नात्याविषयी दिशाभूल करणारी आहेत. देवमासा हा मासा नाही. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना जन्म देतो आणि त्यांना दूध पाजतो. पाणघोडा हाही घोडा नाही. घोडा, गेंडा व टॅपिर हे विषमखुरी गणात मोडतात, तर पाणघोडा गाय, हरीण, डुक्कर व उंट यांच्याप्रमाणे समखुरी गणातील प्राणी आहे.

डॉल्फिन श्वासोच्छ्वास करतात व पिलांना दूध पाजतात, याची नोंद ॲरिस्टॉटलने केली होती. कार्ल लिनीअस याने १७५८ मध्ये आपल्या वर्गीकरण-ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत देवमाशांना सस्तन प्राण्यांत स्थान दिले. परंतु सस्तन प्राण्यांच्या कोणत्या शाखेतून ते निर्माण झाले, हा प्रश्न त्यानंतरही अनुत्तरित राहिला. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या ग्रंथात, पाण्यात तोंड उघडे ठेवून पोहत कीटक पकडणाऱ्या अस्वलाचे उदाहरण देऊन अशा प्राण्यापासून देवमाशासारखा प्राणी निर्माण होऊ शकेल, अशी कल्पना मांडली होती. पुढील आवृत्त्यांत ती त्याने वगळली. १८८३ मध्ये इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम फ्लॉवर याने देवमाशांचे मूळ मांसभक्षक प्राण्यांत नव्हे तर खुरधारी प्राण्यांत शोधावे, असे सुचविले.

या प्रश्नात खरी अडचण अशी की, पाण्यातील जीवनाशी जुळवून घेताना देवमाशांच्या शरीरात आमूलाग्र बदल झाले. मागचे पाय नाहीसे झाले, पुढच्या पायांचे वल्ह्यांसारखे अवयव बनले, नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर सरकल्या आणि अंगावरील केस जवळजवळ गेले. ज्या अवयवांची तुलना करून नाते ठरवायचे, तेच अवयव ओळखू न येण्याइतके बदलले होते.

डीएनएमधील साम्य म्हणजे काय

डीएनए हा दोन धाग्यांच्या पिळाचा लांब रेणू असून त्याची रचना जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हे चार घटक या रेणूत विशिष्ट क्रमाने येतात. सोयीसाठी त्यांना डीएनएची चार अक्षरे म्हटले जाते. मानवाच्या जीनोमच्या एका संचात अशा अक्षरांच्या सुमारे ३०० कोटी जोड्या असतात. प्रथिने कशी बनवावीत याची माहिती देणारे भाग म्हणजे जनुके. ती एकूण डीएनएचा लहानसा अंश असतात.

पेशीविभाजनापूर्वी डीएनएची प्रत तयार होते. ही प्रक्रिया अत्यंत काटेकोर असली तरी कधी एखादे अक्षर बदलते, गळते किंवा अधिक पडते. या बदलास उत्परिवर्तन म्हणतात. बीजपेशीत घडलेले उत्परिवर्तन पुढील पिढीत जाते व काही वेळा कालांतराने साऱ्या समूहात पसरते. एका प्रजातीचे दोन गट भौगोलिक अथवा अन्य कारणाने कायमचे विलग झाले, तर त्यानंतरचे बदल प्रत्येक गटात स्वतंत्रपणे साठत जातात. विलग होण्यापूर्वी साऱ्या समूहात पसरलेले बदल मात्र दोन्ही गटांना वारशाने मिळतात. म्हणून जवळच्या नातेवाईक प्रजातींत भेद कमी आणि दूरच्या प्रजातींत अधिक आढळतात.

येथे एक आक्षेप घेतला जातो. दोन प्राण्यांच्या शरीराची कामे सारखी असतील तर त्यांची जनुके सारखी असणे स्वाभाविक आहे. त्यासाठी सामाईक पूर्वज मानण्याची काय गरज? या आक्षेपाचे उत्तर डीएनएच्या लिपीतच आहे. प्रथिनातील प्रत्येक ॲमिनो आम्लासाठी तीन अक्षरांचा संकेत असतो आणि बहुतेक ॲमिनो आम्लांसाठी एकाहून अधिक संकेत चालतात. उदाहरणार्थ, ल्युसीन या आम्लासाठी सहा वेगवेगळे संकेत आहेत. यांपैकी कोणताही संकेत वापरला तरी तयार होणारे प्रथिन तेच राहते. तरीही जवळच्या प्रजातींमध्ये बहुतेक ठिकाणी तोच तो संकेत आढळतो. कार्याच्या दृष्टीने ज्याची आवश्यकता नाही असे हे साम्य वारशानेच स्पष्ट होते.

हस्तलिखितांचा दाखला

मुद्रणपूर्व काळातील ग्रंथांच्या पाठचिकित्सेत हेच तत्त्व वापरले जाते. एखाद्या ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती उपलब्ध असतात आणि प्रत्येक नकलाकाराच्या हातून काही चुका झालेल्या असतात. दोन प्रतींत शुद्ध पाठ सारखा असला, तर त्यावरून त्या दोहोंच्या जवळिकीविषयी फारसे सांगता येत नाही, कारण मूळ पाठच तो असतो. परंतु त्याच ओळीत तोच शब्द गळलेला, तीच निरर्थक अक्षरे शिरलेली आणि तोच श्लोक भलत्या जागी पडलेला आढळला, तर त्या दोन्ही प्रती एकाच सदोष प्रतीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष निघतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, आदिपर्वाचे संपादक वि. स. सुखटणकर यांनी हस्तलिखितांची अशी वंशावळ मांडली होती.

जीवशास्त्रातही केवळ साम्यापेक्षा सामाईक ‘नकलेची चूक’ अधिक बोलकी असते. उपयुक्त गुण दोन प्राण्यांत स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकतात. निरुपयोगी आणि योगायोगाने घडलेला बदल नेमका त्याच जागी दोनदा घडणे अतिशय असंभाव्य असते.

रक्तद्रवापासून जनुकांपर्यंत

डीएनएमधील अक्षरक्रम वाचण्याची पद्धत उपलब्ध होण्यापूर्वी प्रथिनांची तुलना अप्रत्यक्षपणे केली जात असे. एका प्राण्याचे रक्तद्रव दुसऱ्याच्या शरीरात टोचल्यावर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण होतात. ही प्रतिद्रव्ये तिसऱ्या प्राण्याच्या रक्तद्रवाशी किती तीव्रतेने अवक्षेप देतात, यावरून दोघांच्या प्रथिनांतील जवळीक मोजता येते. १९५० मध्ये ॲलन बॉयडन व डग्लस जेमरॉय यांनी अशा चाचण्यांवरून देवमासे समखुरी प्राण्यांच्या सर्वांत जवळचे असल्याचे दाखविले.

जीवाश्मतज्ज्ञांचा कल मात्र वेगळा होता. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन याने मेसोनिकिड या नामशेष, खुरधारी पण मांसाहारी प्राण्यांकडे लक्ष वेधले. त्यांचे दात आद्य देवमाशांच्या दातांशी विलक्षण जुळत होते. जीवाश्मांत दात सर्वाधिक टिकत असल्याने या पुराव्यास मोठे वजन प्राप्त झाले आणि पुढील सुमारे तीन दशके मेसोनिकिड हेच देवमाशांचे पूर्वज अथवा निकटचे आप्त मानले गेले.

१९९४ मध्ये डॅन ग्राउर व डेस्मंड हिगिन्स यांनी गाय, डुक्कर, उंट व देवमासे यांच्या प्रथिनांचा व डीएनएचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसले की, देवमासे समखुरी गणाच्या शेजारी नव्हेत, तर त्या गणाच्या आत बसतात. गाय ही डुक्कर किंवा उंट यांच्यापेक्षा देवमाशाला अधिक जवळची आहे. १९९६ मध्ये जॉन गेट्सी व सहकाऱ्यांनी दुधातील केसीन प्रथिनांची जनुके तपासली, तेव्हा देवमाशाच्या सर्वांत जवळ पाणघोडा आला.

या निष्कर्षांचे स्वागत साशंकतेनेच झाले. अक्षरक्रमांच्या तुलनेत एक मूलभूत मर्यादा असते. अक्षरे चारच असल्यामुळे एकच बदल दोन शाखांत स्वतंत्रपणे घडू शकतो, किंवा बदललेले अक्षर पुन्हा मूळपदावर येऊ शकते. त्यामुळे निवडलेली जनुके, निवडलेले प्राणी व गणिती पद्धत यांनुसार वंशवृक्ष थोडेफार बदलत होते. अधिक निर्णायक पुराव्याची गरज होती.

जागा बदलणारे डीएनए-तुकडे

हा पुरावा रेट्रोपोझॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डीएनए-तुकड्यांनी दिला. हे तुकडे स्वतःची प्रत तयार करतात आणि ती प्रत जीनोममध्ये अन्यत्र जाऊन बसते. मूळ तुकडा आपल्या जागीच राहतो. सस्तन प्राण्यांच्या जीनोममध्ये असे लक्षावधी तुकडे साठलेले असतात. मानवात ‘आलू’ या एकाच प्रकारच्या तुकड्याच्या १० लाखांहून अधिक प्रती आहेत.

वंशावळ ठरविण्याच्या दृष्टीने या तुकड्यांचे तीन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला, बसण्यासाठी उपलब्ध जागा कोट्यवधी असल्याने दोन प्रजातींत तोच तुकडा, त्याच दिशेने, नेमक्या त्याच अक्षरापाशी स्वतंत्रपणे बसण्याची शक्यता नगण्य असते. दुसरा, एकदा बसलेला तुकडा मागमूस न ठेवता निघून जाणे फार दुर्मीळ असते. तिसरा, मूळ स्थिती कोणती हे निश्चित असते: तुकडा नसणे ही जुनी अवस्था व असणे ही नवी.

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील नोरिहिरो ओकादा यांच्या संशोधनगटाने हे तत्त्व समखुरी प्राणी व देवमासे यांना लावले. त्यांची तर्कपद्धती पुढीलप्रमाणे समजून घेता येते. जीनोममधील एका जागी गाय, पाणघोडा व देवमासा या तिघांत तोच तुकडा आहे. डुक्कर व उंट यांच्यात ती जागा रिकामी आहे. यावरून पहिल्या तिघांचा एक सामाईक पूर्वज होता व त्याच्यात तो तुकडा बसला, त्यापूर्वीच डुक्कर व उंट यांच्या शाखा वेगळ्या झाल्या होत्या, असे ठरते. दुसऱ्या एका जागी पाणघोडा व देवमासा यांच्यातच तुकडा आहे, गाईत तो नाही. तेव्हा पाणघोडा व देवमासा यांचा आणखी एक, अधिक अलीकडचा सामाईक पूर्वज असला पाहिजे.

या गटाने १९९७ मध्ये देवमासे, पाणघोडे व रवंथ करणारे प्राणी हा एक वंशगट असल्याचे दाखविले. १९९९ मध्ये मासातो निकाइदो, अलेहांद्रो रूनी व ओकादा यांनी केवळ पाणघोडा व देवमासे यांच्यात आढळणारे तुकडे प्रसिद्ध करून पाणघोडा हाच देवमाशांचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक असल्याचे प्रतिपादन केले. यातून जो वंशवृक्ष सिद्ध होतो त्यात प्रथम उंटांची शाखा, नंतर डुकरांची, त्यानंतर गाय, हरीण, जिराफ आदी रवंथ करणाऱ्यांची शाखा विलग होते आणि शेवटी पाणघोडा व देवमासे परस्परांपासून वेगळे होतात. समखुरी गण व देवमासे यांचा मिळून बनणारा हा समूह आता सिटार्टिओडॅक्टिला या नावाने ओळखला जातो.

जीवाश्मांची साक्ष

डीएनएवरून काढलेल्या निष्कर्षातून एक तपासण्याजोगे भाकीत निघत होते. देवमासे समखुरी प्राण्यांतूनच आले असतील, तर पाय असलेल्या आद्य देवमाशांच्या घोट्यात समखुरी प्राण्यांची खूण सापडली पाहिजे. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील ॲस्ट्रागॅलस या हाडाला दोन्ही टोकांस कप्पीसारखी खाच असते. ही रचना अन्य सस्तन प्राण्यांत आढळत नाही. मेसोनिकिडमध्येही ती नव्हती.

२००१ च्या सप्टेंबरमध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाले. फिलिप जिंजरिच व सहकाऱ्यांनी बलुचिस्तानातील आर्टिओसीटस व ऱ्होडोसीटस या आद्य देवमाशांची, तर हान्स थेविसन व सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील पाकिसीटस व त्याच्या आप्तांची हाडे वर्णिली. दोन्हींत दुहेरी कप्पीचा घोटा स्पष्ट होता. जिंजरिच हे तोपर्यंत मेसोनिकिड मताचे पुरस्कर्ते होते. या हाडांवरून त्यांनी आपले मत बदलले. मेसोनिकिडच्या दातांतील साम्य हे सारख्या आहारामुळे स्वतंत्रपणे आलेले साम्य ठरले.

पुढील दुवा भारतातून मिळाला. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरातून भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जीवाश्मयुक्त खडक गोळा केले होते व त्यांतील एका लहान समखुरी प्राण्यास १९७१ मध्ये इंडोह्यूस हे नाव दिले होते. त्यांच्या निधनानंतर उरलेले खडक त्यांच्या पत्नीने थेविसन यांच्या स्वाधीन केले. त्यांतील एक कवटी साफ करताना कानाजवळचे हाड उघडे पडले. त्याची आतील कड जाड होती, आणि असे जाड हाड तोपर्यंत केवळ देवमाशांचे वैशिष्ट्य मानले जात होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढ्या आकाराचा हा प्राणी देवमाशांच्या अगदी जवळचा आप्त होता.

पाणघोड्याच्या बाजूची साखळी अधिक काळ अपुरी होती. देवमाशांचे जीवाश्म सुमारे ५ कोटी वर्षे जुने, तर पाणघोड्यांचे त्यामानाने बरेच अलीकडचे आहेत. २०१५ मध्ये केनियातील सुमारे २ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एपिरिजेनिस या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या दातांनी पाणघोड्यांचा संबंध अँथ्राकोथिअर या नामशेष समखुरी प्राण्यांशी जोडला व हे अंतर काहीसे भरून काढले.

निकामी झालेली जनुके

पूर्वजांची साक्ष देणारा आणखी एक पुरावा म्हणजे मोडकळीस आलेली जनुके. निळा देवमासा, कुबड देवमासा आदी बॅलिन देवमाशांना दात नसतात. जबड्यातील झालरीसारख्या पट्ट्यांनी ते पाण्यातून अन्न गाळतात. तरीही त्यांच्या गर्भात दातांचे अंकुर दिसतात व जन्मापूर्वी विरून जातात. त्यांच्या डीएनएमध्ये दाताचे कवच बनविणारी जनुके अद्याप आहेत, परंतु ती निकामी झालेली आहेत. एनॅमेलायसीन या प्रथिनाच्या जनुकात तर सर्व हयात बॅलिन देवमाशांमध्ये एकच रेट्रोपोझॉन एकाच जागी घुसलेला आढळतो, हे २०११ मध्ये निदर्शनास आले. हे जनुक त्या साऱ्यांच्या सामाईक पूर्वजातच मोडले होते, हे यावरून उघड होते.

मानवातही याचे उदाहरण आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. मानव, कपी व माकडे यांना ते आहारातून घ्यावे लागते, कारण त्याच्या निर्मितीतील शेवटच्या टप्प्याचे जनुक त्यांच्यात निकामी आहे. मानवाच्या आठव्या गुणसूत्रावर त्या जनुकाचे अवशेष आजही आहेत. गिनीपिगमध्येही हेच जनुक निकामी आहे, पण तेथे ते स्वतंत्रपणे व निराळ्या रीतीने मोडले आहे.

साम्य केव्हा फसवते

प्रत्येक साम्य नात्याचे निदर्शक नसते. सारख्या परिस्थितीत वेगवेगळ्या वंशांत सारखे गुण निर्माण होणे यास अभिसारी उत्क्रांती म्हणतात. शार्क व डॉल्फिन यांचा निमुळता आकार हे त्याचे परिचित उदाहरण. क्वचित असे साम्य रेणूंतही आढळते. ऐकण्याच्या क्रियेत भाग घेणारे प्रेस्टिन हे प्रथिन प्रतिध्वनीवरून दिशा ओळखणाऱ्या वटवाघळांत व डॉल्फिनांत इतके सारखे झाले आहे की, केवळ त्याच्यावरून वंशवृक्ष रचल्यास ही वटवाघळे आपल्या अन्य भाईबंदांऐवजी डॉल्फिनांशेजारी जाऊन बसतात. हे २०१० मध्ये दाखविले गेले. यास्तव एका जनुकावर विसंबून न राहता अनेक जनुके, जनुकांबाहेरील डीएनए व रेट्रोपोझॉन यांचा एकत्रित विचार केला जातो.

पाणघोडा व देवमासा यांच्या बाबतीतही ही सावधगिरी आवश्यक ठरली. दोघांची त्वचा जवळजवळ केशहीन आहे व दोघेही पाण्यात रमतात. त्यामुळे त्यांचा सामाईक पूर्वजही जलचर असावा, असे अनुमान केले जात असे. २०२१ मध्ये त्वचेची रचना व तिच्याशी संबंधित निकामी जनुके यांची तुलना झाली, तेव्हा जनुके मोडण्याच्या खुणा दोन्ही वंशांत वेगवेगळ्या आढळल्या. पाण्याशी जुळवून घेणारी त्वचा दोघांत स्वतंत्रपणे विकसित झाली, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला. नाते खरे असले, तरी जे साम्य डोळ्यांना प्रथम दिसते ते त्या नात्याचा पुरावा नव्हे.

सामान्य गैरसमज

देवमासा पाणघोड्यापासून निर्माण झाला, असे वरील विवेचनाचा अर्थ लावणे चुकीचे आहे. दोन चुलत भावंडांपैकी एक दुसऱ्याचे अपत्य नसते. दोघांचे आजोबा एक असतात. पाणघोडा व देवमासा यांचे वंश सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी विलग झाले आणि तेव्हापासून दोन्ही बदलत आले आहेत. मानव व चिंपँझी यांच्यासंबंधीही हेच लागू होते.

दुसरा गैरसमज टक्केवारीविषयी आहे. २००५ मध्ये चिंपँझीचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा, मानवाच्या जीनोमशी जुळवून पाहता येणाऱ्या भागांत एकेका अक्षराचे भेद सुमारे १.२३ टक्के आढळले. गळालेले व अधिक पडलेले तुकडे मोजल्यास भेदाचे प्रमाण वाढते. म्हणून ‘अमुक टक्के साम्य’ या विधानात काय मोजले आहे, हे सांगितल्याशिवाय त्यास निश्चित अर्थ येत नाही. वंशनिर्णयासाठी टक्केवारीपेक्षा भेद व साम्ये कोणत्या जागी आणि कोणाकोणात आहेत, हे महत्त्वाचे असते.

महत्त्व

देवमाशांच्या मूळस्थानाचा प्रश्न दोन परस्परनिरपेक्ष पुराव्यांनी सुटला. डीएनए हा हयात प्राण्यांच्या पेशींतून मिळतो, जीवाश्म कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांतून. एकातील दोषाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. प्रयोगशाळेत काढलेला निष्कर्ष चुकीचा असता, तर बलुचिस्तानातील घोट्याच्या हाडांनी तो खोटा पाडला असता. तसे घडले नाही. डीएनएने वंशाची मांडणी दिली, आणि तो वंश कोणत्या भूमीवर, कोणत्या काळी व कोणत्या रूपात वावरला हे भारत-पाकिस्तानातील खडकांनी सांगितले.